तांब्याची प्लेट नसलेला खड्डा

प्रथम तारखा आणि त्यांसमोर जबाबदार माणसे. रंगपंचमीचा दुसरा दिवस: बंद गिरणीचे भंगार उचलणारा ठेकेदार, त्याने अर्थिंगच्या खड्ड्यातली तांब्याची प्लेट उपसून नेली. अक्षय्य तृतीया: तोच खड्डा ‘चालू स्थितीत’ असल्याच्या दाखल्यावर सही करणारा इंजिनिअर. आषाढाचा शेवटचा आठवडा: ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ असा निष्कर्ष लिहिणारा चौकशी अधिकारी.

गिरणीच्या जुन्या कचेरीत त्या वर्षी टेलिफोनचे नवे कार्यालय येत होते. गिरणीच्या वीजखात्यातले आम्ही दोघे तिथे हंगामी कामाला लागलो. मी देखरेखीला, माझा सोबती तारा ओढायला. तारा ठेवायचे छताखालचे लोखंडी ट्रे आणि पाइप तांब्याच्या पट्टीने अर्थिंगच्या खड्ड्यातल्या प्लेटशी, म्हणजेच जमिनीशी, जोडलेले असावे लागतात. नाहीतर चुकून त्यांत वीज उतरली की हात लावणाऱ्याच्याच अंगातून ती जमिनीत जाते.

गिरणीत उन्हाळाभर रोज सकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याचा आमचा शिरस्ता होता. जमीन ओली राहिली तर वीज तिच्यात सहज जिरते. सोबत्याने इथेही पहिल्याच दिवशी बादली ओतली. पाणी क्षणात गडप झाले.

“भिया, हा खड्डा तर फारच प्यासा निघाला,” तो म्हणाला. “कोणीतरी खोदून भुसभुशीत भरलाय. प्लेट आहे ना आत?”

मी लेखी विचारणा केली, खड्ड्यात वीज नीट जिरते की नाही ते मोजणारे मीटर मागितले. इंजिनिअर हसले. “बाबूजी, मिल बंद झाली, तुमच्या चिठ्ठ्या कधी बंद होणार? हे घ्या सर्टिफिकेट.”

त्यावर शिक्का होता, सही होती. आयुष्यभर मी लेखी पुराव्याचा आग्रह धरला. तो हाती येताच माझी शंका मिटली. सोबती मात्र शिडीशी घुटमळत होता.

“आता कागद आहे. चढ,” मी म्हणालो.

“तुमचा कागद हातमोजे घालून आलाय का?” असे चिडवत तो चढला.

दिव्याच्या एका तारेचे आवरण ट्रेच्या कडेने कापले गेले होते. त्याने ट्रेला हात लावला आणि तो खाली कोसळला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटे आजही मिटत नाहीत. नंतर मी स्वतः खड्डा उकरला. आत विटांचे तुकडे होते. म्हणून वरच्या यादीत चौथे नाव माझे धरावे.

तरीही चौकशीच्या अहवालात दोषी माझा सोबतीच ठरला. अर्धे आयुष्य विजेच्या कामात निष्कलंक घालवलेल्या माणसाला नवे काम मागताना तो शेरा दाखवावा लागतो. माझ्या एकाही पत्राला उत्तर आलेले नाही. खाजगी दिलगिरी मला नको. सही करण्यापूर्वी त्या खड्ड्याला मीटर लावले होते की नाही, एवढेच इंजिनिअर महोदयांनी वर्तमानपत्रातून, स्वतःच्या नावानिशी सांगावे.