वारा कळलेला माणूस

बारशाच्या दिवशी सकाळी सव्वासातला मी अभिमन नानांच्या मारुतीचं शेपूट मोडलं. लाडवांचा डबा ठेवायला डिकी उघडली, एवढाच माझा गुन्हा. यावलच्या आमच्या गल्लीत ज्याला चालता येतं त्याला ठाऊक होतं, की नानांची डिकी उघडायची नसते, सामान मागच्या सीटवरून ढकलायचं असतं. डिकी वर गेली तशी तिला जोडलेलं साडेतीन फुटी शेपूटही वर गेलं, छज्ज्याला खालून धडकलं आणि कडाडकन मोडून माझ्या पायावर आलं. फ्लेक्स टरकला आणि आतून तीन भावी नगरसेवक हात जोडून माझ्याकडे बघायला लागले.

गाडीला शेपूट का लावायचं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडतो. नानांच्या मते तो गाढवालाच पडतो.

नाना मूळचे साक्रीकडचे. बत्तीस वर्षं दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर होते, बॉयलरला हवा पुरवणाऱ्या घराएवढ्या पंख्यांवर. निवृत्त झाल्यावर यावलला घर बांधलं, भाषा साक्रीचीच ठेवली आणि एक मत पक्कं केलं, की अख्ख्या जिल्ह्यात वारा कळतो तो फक्त आपल्याला. "पेट्रोल गाडी कोठे पेस? वारा पेस!" म्हणजे पेट्रोल गाडी नाही पीत, वारा पितो, असं ते म्हणत. ज्याला हे पटत नाही त्याने गाडी घेऊ नये, बैल घ्यावा, हेही तोंडावर सांगत.

मग त्या बिचाऱ्या जुन्या मारुतीचे हाल सुरू झाले. ठिबकच्या नळीचा सांगाडा करून त्यावर निवडणुकीनंतर उतरवलेले फ्लेक्स उलटे ताणले, ते शेपूट. गाडीच्या पोटालाही फ्लेक्स मारला. तिथे सुलटा-उलटा बघितला नाही, त्यामुळे एक भावी आमदार यावल ते भुसावळचे सगळे खड्डे हसतमुखाने मोजत फिरायचा. चारही चाकांवर जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पराती बसवल्या. नानांच्या बायकोला, द्रौपदाक्कांना, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायचं असलं की त्या पाना घेऊन अंगणात यायच्या. आरसे वारा अडवतात म्हणून आरसे काढले आणि आरशाचं काम अक्कांना दिलं. बाई लग्नात नवऱ्यामागून सात फेरे चालली, आता प्रवासभर मागे तोंड करून बसू लागली.

वारा कुठे चिकटतो नि कुठे सुटतो ते बघायला नानांनी गाडीभर लोकरीचे तुकडे चिकटवले. लोकर अक्कांनी होणाऱ्या नातवाच्या टोपड्यासाठी आणलेली. लाल. पलीकडच्या तानुबाईंना वाटलं नवसाची गाडी आहे. त्यांनी हात जोडले आणि आपलाही एक दोरा दाराच्या मुठीला बांधला. नानांनी तो काढला नाही. म्हणाले, "म्हातारीनी जागा बराबर धरी. तुमले नही जमाव."

अॅव्हरेज एकोणीसचा तेवीस झाला, हे खरं. पण शेपूट हलू नये म्हणून नाना पंचेचाळीसच्या वर जात नसत. सायकलवाले टाटा करून पुढे जायचे. पंचेचाळीसने तर घराला चाकं बसवली तरी ते तेवीस देईल, असं मी एकदा म्हणालो. नाना तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या स्कूटरकडे बघून थुंकले.

खरी गाठ पडली जावयाशी. लेक ज्योती दोंडाईच्याला दिलेली. जावई कुंदन तिथल्या एका शोरूममध्ये नव्या गाड्या विकतो. पहिलाच नातू, त्याचं बारसं, आणि आठ दिवस आधी कुंदनचा फोन आला. "नाना, राग मानू नका, पण ती शेपटीची गाडी दारात नको. माझे साहेब येणार आहेत, गिऱ्हाइकं येणार आहेत."

"मंग मी बी नको," म्हणून नानांनी फोन ठेवला.

आठ दिवस त्या घरात भांडी आपटण्याखेरीज आवाज नव्हता. शेपूट काढायला चार स्क्रू होते, नानांना ते चार डोंगर झाले. अक्कांनी नातवाला अजून फोनच्या काचेतच पाहिलं होतं. आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही तरी सांगा ना त्यास्ले." मी सांगायला म्हणूनच सकाळी गेलो होतो, लाडवांचा डबा घेऊन. पुढचं वर आलंच आहे.

कडाड ऐकून नाना बाहेर आले. शेपटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोघांत मोडकं कोण हे ठरवत असावेत.

"देवच पावना!" अक्का डबा घेऊन मागच्या सीटवर चढल्यासुद्धा. "चला. आते शेप्टी नही, भांडन बी नही."

"हाई मन्ही गाडी नही," नाना पायरीवर बसले. "मी येत नही."

"बठा मंग घर. मी जास नातूले देखाले." अक्कांनी दार ओढून घेतलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, ही बाई पहिल्यांदा नवऱ्याशिवाय निघत होती आणि तेही गाडीत ड्रायव्हर नसताना.

नाना उठले. डाव्या बाजूला बसून किल्ली माझ्याकडे फेकली. "चालाव."

चोपडा, शिरपूर करत आम्ही निघालो. नाना वाटभर खिडकीबाहेर हात धरून वारा तपासत होते. मागून अक्का "इस्टी उनी! ट्रक उना!" ओरडत होत्या.

दोंडाईच्याला कुंदन दारातच उभा होता. त्याने आमच्या आधी गाडीचा मागचा भाग पाहिला आणि चेहरा फुलला. चार लोकांत मोठ्याने म्हणाला, "काढली ना शेवटी, नाना! मी सांगत नव्हतो? हवेचं गणित असं घरी नसतं होत."

मला राहवेना. "कुंदनराव, ती त्यांनी नाही, मी..." इथवर आलो आणि नानांची चप्पल माझ्या अंगठ्यावर पडली.

"जवाई, तुमनं खरं व्हतं," नाना म्हणाले. "मीच काढी टाकी."

ज्योतीने बाळ आणून अक्कांच्या मांडीत ठेवलं. अक्का हसताहेत की रडताहेत ते कळेना. कुंदनने साहेबांना नि नानांना मिळून अर्धा तास वारा समजावून सांगितला. त्यात साडेतीन चुका तर मलाही कळल्या. ज्या माणसाने बत्तीस वर्षं कुणाचं ऐकलं नाही तो पेढा धरून "हा, हा" करत बसला होता आणि बाळाच्या पाळण्याला हळूहळू झोका देत होता.

परतीला उन्हं उतरली होती. मला भरून आलं होतं. तापीच्या पुलावर गाडी तिसऱ्या गिअरवर आणून हळू केली आणि म्हणालो, "नाना, आज तुम्ही जावयापुढे खोटं कबूल केलंत, तेही फक्त अक्कांसाठी. इतकी वर्षं मी तुम्हाला हेकट समजत होतो. तुमचं मन किती मोठं आहे हे मला आज..."

"बोलनं बंद कर, चौथा गिअर टाक."