कडूबाईची रात्रीची भूक

कडूबाईच्या आधी तिच्या आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी तरी जगावी म्हणून तिचं नाव कडू ठेवलं. कडू जिनसाला कुणी हात लावत नाही, देवही नाही, असं म्हणतात. पोर जगली. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, त्यात तिचे आईबापही असायचे. चैत्रापर्यंत कडू चुलत्याकडे राहायची. चुलती काही वाईट बाई नव्हती, पण घरात खाणारी तोंडं नऊ. शेवटची करपलेली भाकरी कडूच्या ताटात यायची आणि कधीकधी तीही यायची नाही. सगळे झोपले की पोर उठायची, दुरडीतला कोरभर तुकडा काढायची आणि गोधडीत तोंड खुपसून चावायची. कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून आधी तोंडातच भिजवायची.

पुढं लग्न झालं. नवऱ्याबरोबर, रामबरोबर, तिनं अठरा वर्षं फडात कोयता चालवला. राम दारूपायी गेला. मूलबाळ नव्हतं. चाळिशी गाठल्यावर तिला तालुक्याच्या गावी, ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. ऐंशी मुली, दोन मोठ्या शेगड्या आणि स्वयंपाकघराला लागून तिची खोली. व्यवस्थापक रंगनाथ सरांनी पहिल्याच दिवशी कोठीची किल्ली तिच्या हातात ठेवली. गव्हाची पोती, गुळाच्या ढेपा, शेंगदाण्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. एवढं अन्न एका जागी तिनं लग्नाकार्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्याच थंडीत ते सुरू झालं. मुली झोपल्या, भांडी घासून झाली, की ती अंथरुणावर पडायची. तासाभरानं डोळे उघडायचे. पोटात भूक म्हणावी अशी भूक नसायची, पण छातीत काहीतरी ओढायला लागायचं. ती उठायची, दिवा लावायची नाही. उरलेल्या चपात्या, त्यावर गुळाचा खडा. मग गार भात, तेल, तिखट. मग शेंगदाणे, मुठीमागून मूठ. चव लागायची नाही. ती उभ्यानंच खायची, घाईघाईनं, जणू मागून कुणी येतंय. पोट तट्ट फुगलं, श्वास वर यायला लागला, की हात थांबायचा. मग पाणी पिऊन भिंतीला टेकून बसायची आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची.

सकाळी शरमेनं तोंडाला अन्न लावावंसं वाटायचं नाही. म्हणून सोमवार धरला. मग शनिवार धरला. मग चतुर्थी, एकादशी. आठवड्यातले चार दिवस ती नुसत्या चहावर राहायची. बाया म्हणायच्या, "कडूबाई लई देवाची हाय." मुली विचारायच्या, "मावशी, तुमी कधीच कशा जेवत न्हाई?" ती हसून भाजी वाढायची. अंग मात्र वर्षागणिक सुटत गेलं. लोकांनीच कारण शोधलं, थायरॉईड असेल. तिनं मान डोलावली. दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर रात्री दुप्पट वसूल करायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला एवढंच वाटायचं की आपण हावरट आहोत, आणि हावरटाला उपास हीच शिक्षा.

अशी आठ वर्षं गेली.

त्या साली संक्रांतीला कुणीतरी मुलींसाठी तिळाच्या लाडवांचे तीन डबे दिले. रंगनाथ सरांनी ते कोठीत ठेवायला सांगितले. "उद्या दुपारी वाटू," म्हणाले. रात्री कडूबाईनं एक लाडू घेतला. फक्त एकच, असं ती दर वेळी म्हणायची. डब्याचा तळ हाताला लागला तेव्हा ती भानावर आली. जिभेला तीळ टोचत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. आपण रडायला कधी लागलो ते तिलाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाटताना शेवटच्या दोन ओळी कोरड्या राहिल्या. सरांनी कडूबाईकडं पाहिलंसुद्धा नाही. जी बाई दिवसा घास खात नाही तिच्यावर संशय कोण घेणार? त्यांनी मुलींच्या पेट्या उघडायला लावल्या. सातवीतल्या संस्कृतीच्या पेटीत तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार वाळक्या भाकरी आणि गुळाचा तुकडा निघाला.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"माझ्या ताटातल्या हायेत," संस्कृती म्हणाली. "धाकट्या भावासाठी ठिवल्यात. आई भेटायला येनार हाय."

"आणि लाडू?"

"लाडू मी न्हाई घेतले."

"भाकरी चोरणारी लाडू सोडते होय?"

कडूबाई वाढायचा डाव हातात धरून दारात उभी होती. संस्कृतीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तेवढ्या वेळात कडूबाई बोलली असती तर सगळंच वेगळं झालं असतं. पण ऐंशी तोंडं आपल्याकडं वळतील, ती तोंडं काय म्हणतील, एवढंच तिला दिसलं. ती आत गेली आणि पातेलं घासायला बसली.

सरांनी मुलीच्या बापाला फोन लावला. तो गोरक्ष, नेवाशाच्या पुढं एका साखर कारखान्याच्या फडावर तोडीला होता. दोन दिवसांनी आला. भांडला नाही, विनवणीही केली नाही. "ऱ्हाऊ द्या सर," म्हणाला. "धाकट्याला सांभाळायला मानूस पाहिजेच हुतं." पेटी खांद्यावर घेऊन तो चालू लागला. त्याच्या मागं संस्कृती गेली. फाटकापाशी तिनं मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस कडूबाईला नीट आठवत नाहीत. तिनं शनिशिंगणापूरला जाऊन तेल वाहिलं, पाच दिवस निर्जळी धरली आणि सहाव्या रात्री कच्चं पीठ साखरेत कालवून खाल्लं. त्याच सुमारास पायावर गरम आमटी सांडली होती. ती जखम चिघळत चालली होती, पण तिकडं तिचं लक्ष नव्हतं. एका सकाळी कणीक मळता मळता ती परातीवरच कलंडली.

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा उशाशी दीना सिस्टर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, नगरकडच्या बाई. रक्तातली साखर साडेचारशेच्या वर गेली होती.

"मावशी, काल काय खाल्लं होतं?"

"काही न्हाई. उपास हुता."

सिस्टरांनी कागद खाली ठेवला आणि स्टूल ओढून त्या बसल्या. "नुसत्या उपासानं साखर अशी चढत नाही. मी कुणाला सांगणार नाही. पण मला खरं कळल्याशिवाय तुमच्या पायाचं काही करता यायचं नाही."

कडूबाईनं तोंड भिंतीकडं वळवलं आणि मग भिंतीलाच सगळं सांगितलं. दुरडीपासून लाडवांपर्यंत. सांगून झाल्यावर कडूबाईनं विचारलं, "मला ह्या हावरटपनाची काय शिक्षा?"

"शिक्षा लई झाली," सिस्टर म्हणाल्या. "हा आजार आहे, मावशी. ह्याला डॉक्टर असतो. नगरला पाठवते तुम्हाला. तोवर माझं एवढं ऐका. सगळे उपास बंद. दिवसातून तीन वेळा जेवायचं, ताटात घेऊन, बसून, माणसांत. रात्री जाग आली आणि राहवलंच नाही, तर खा. पण दिवा लावून, ताटली घेऊन, बसून खा. अंधारात उभ्यानं नाही."

"आन् त्या पोरीचं?"

"त्याला माझ्याकडं औषध नाही."

पायाचा अंगठा वाचला नाही. तो काढावा लागला. टाके सुकल्यावर कडूबाई काठी टेकत रंगनाथ सरांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "लाडू मी खाल्ले हुते."

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "हे आता कशाला सांगता, मावशी? झालं ते झालं. संस्थेचं नाव जाईल." मग त्यांनी हात पुढं केला, "किल्ली द्या." तिनं किल्ली दिली. तिला हलकंच वाटलं; स्वयंपाकाचं काम मात्र राहिलं. मुलीला परत घ्यायला सर तयार झाले, पण गोरक्षचा फोन लागेना.

कडूबाई एसटीनं निघाली. शेवगाव, मग नेवासा, तिथून एका ट्रॅक्टरवाल्यानं फडापर्यंत सोडलं. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, दुपारच्या उन्हात ओळीनं उभ्या होत्या. संस्कृती आईच्या मागं उसाच्या मोळ्या बांधत होती. तिचे हात पात्यांनी चिरले होते, एका बोटाला चिंधी होती. कडूबाईनं गोरक्षला, त्याच्या बायकोला आणि भोवती जमलेल्या बायांना सांगितलं, की तुमच्या पोरीनं काही घेतलं नव्हतं, ते मी घेतलं होतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "येवढी म्हातारी व्हऊन लेकराच्या मानंवर सुरी ठिवली."

गोरक्ष कोयत्याची धार अंगठ्यानं तपासत म्हणाला, "आता हंगाम उरकत आलाय, मावशी. शाळेची परीक्षा बी आठ दिवसांवर. आता नेऊन काय करता? फुडल्या साली बघू."

संस्कृती तिला बांधापर्यंत सोडायला आली. कडूबाई थांबली. "तुला म्हाईत हुतं का गं?"

"व्हय. पान्याला उठले हुते त्या राती."

"मंग बोलली का न्हाईस?"

पोरीनं बोटाची चिंधी घट्ट केली. "तुमी खाताना रडत हुता."

परतीच्या एसटीत कडूबाईनं दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा धरला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "मळमळतंय का?"

बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून एकदा ती त्यांच्यासमोर बसायची. सुरुवातीला मुलींच्या पंगतीत बसून जेवणंच सगळ्यांत अवघड गेलं. घास उचलला की वाटायचं, सगळ्या आपला हात मोजतायत. रात्री जाग यायचीच. ती दिवा लावायची, ताटली काढायची, खाली बसायची. दिव्याच्या उजेडात स्वतःचे हात दिसले की निम्म्या वेळा ती नुसतं पाणी पिऊन उठायची. निम्म्या वेळा हरायची. पहिल्या पावसाळ्यात तर एकदा सलग चार रात्री हरण्यात गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी जुन्या सवयीनं ती चहावरच थांबणार होती. सिस्टरांचं आठवलं, आणि डोळे मिटून तिनं नाष्ट्याचे पोहे गिळले. त्या रात्री झोप लागली. असं करता करता मधली अंतरं वाढली. आठवडा, मग महिना, मग दोन महिने. दीड वर्षानं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शेवटची खेप कधीची, हे तिला आठवावं लागलं.

दोन दसरे गेले तरी संस्कृती वसतिगृहात आली नाही. कडूबाई दोन्ही वेळा तिच्या गावी जाऊन आली. एकदा घराला कुलूप होतं. एकदा तिच्या आजीनं ओसरीवरूनच सांगितलं, "तिचं आता शाळंत ध्यान न्हाई."

तिसऱ्या दिवाळीनंतर पाथर्डीच्या स्टँडबाहेर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या भरत होत्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. कडूबाई भाजी घेऊन चालली होती. एका टेम्पोपाशी संस्कृती उभी होती, साडी नेसलेली, गळ्यात काळे मणी, हातात फडक्यात गुंडाळलेला कोयता. पंधरा पुरी झाली असतील की नाही. शेजारी एक पोरगेलासा नवरा पेट्या चढवत होता.

आधी बोलली ती संस्कृतीच. "तवा काठी टेकत आला हुता. पायाला काय झालं हुतं मावशी?"

"साखरेनं गेला अंगठा."

"रातचं अजून खाता का?"

"न्हाई. लई दिवस झाले."

"बरं झालं," संस्कृती म्हणाली. खरंच बरं वाटल्यासारखी म्हणाली. मग मुकादमानं हाक दिली आणि पदर खोचून ती टेम्पोत चढली.

संध्याकाळी पंगत बसली. कडूबाईच्या ताटात मेथीची भाजी आणि दीड भाकरी आली. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. आज नको जेवायला, असं तिला फार वाटलं. आजच्या दिवशी तरी उपाशी राहावं, तेवढीच आपली लायकी आहे. पण ह्या वाटेनं गेलं की रात्री आपण कुठं पोचतो, हे आता तिला ठाऊक होतं. तिनं पाण्याचा घोट घेतला, घास गिळला आणि दुसरा तोडला. ताट संपायला तिला इतका वेळ लागला की मुली उठून गेल्या, दिवे मालवायला आलेली बाई दारात ताटकळत उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे थोडा येळ," कडूबाई म्हणाली. "माझं जेवन व्हायचंय."