माझ्या नावाचं फंक्शन

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझं नाव आलं. त्याच्यापुढं इंग्रजी अक्षरांत एक हिंदी वाक्य: "सॉरी जी, सातवीं फेल हूँ, नहीं मिला."

हॉस्पिटलातून काम बघायला आलेले साहेब लोक समोर बसले होते. त्यांच्यातल्या एकानं पेशंटचं नाव टाइप करताना अक्षर चुकवलं होतं, म्हणून फोल्डर सापडलं नव्हतं. ते वाक्य कोणाबद्दल आहे हे त्यांना कळेना. आमचे सर एक क्षण गडबडले. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"यही हैं जी. हमारी ओरिजिनल सर्च इंजिन!"

सगळी खोली हसली. मीपण हसले. हात जोडून हसले.

मी वाशिमकडची. एका फौजी साहेबांच्या घरी बाळ सांभाळायला म्हणून चंदीगडला आले. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला त्यांच्या नात्यातल्या या सरांकडं लावून दिलं. सर पुण्याचे. चंदीगडशेजारी मोहालीत त्यांचं छोटं ऑफिस. हॉस्पिटलांचे जुने कागद मशीनवर स्कॅन करायचे आणि प्रत्येक पेशंटचं फोल्डर कम्प्युटरात करून ठेवायचं, हे माझं काम. इंग्रजी अक्षरं मी तिथंच शिकले. सरांनीच शिकवली. मी त्यांना देव मानायचे. खोटं कशाला सांगू? चंदीगडच्या बावीस नंबर सेक्टरातल्या माझ्या खोलीत रोज सकाळी दिवा लावताना त्यांचं नाव घ्यायचे. दार जोरात आपटलं तरी मला वाटतं, आपलंच काही चुकलं. अशा बाईला परमुलखात कुणी खुर्ची दिली तर ती काय करणार?

आधी कुणाचं फोल्डर लागलं की सगळे मलाच हाक मारायचे. मी सांगायचे, या वर्षाच्या आत, त्या वॉर्डाच्या आत. मग सरांनी फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं काम. त्याला पेशंटचं नाव द्यायचं. ते एकेक फोल्डर उघडून त्याच्या आतल्या, आणखी आतल्या फोल्डरात जातं आणि कुठं आहे ते सांगतं. या फंक्शनला सरांनी माझं नाव दिलं. "आजवर हे काम तूच करत होतीस ना," ते म्हणाले.

मला रडू आलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "कम्प्युटरात नाव? मंग तं साहेबीण झाली वं तू!" दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बर्फी वाटली. सरांच्या पाया पडले.

साहेब लोक गेल्यावर मी हरप्रीतला गाठलं. ती तिथं प्रोग्रॅम लिहिते, माझ्याशी नीट बोलणारी ती एकटीच. विचारलं, ते वाक्य फंक्शनात आजच घातलं का?

"नहीं दीदी. वो तो पहले दिन से है."

"बर्फी खाई, उस दिन भी?"

ती नखं बघत म्हणाली, "उस दिन तो सबने चला के देखा था, दीदी. गलत नाम डाल-डाल के."

म्हणजे माझी बर्फी तोंडात आणि माझं नाव पडद्यावर. सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं, कारण मला ते फंक्शन कधी चालवावंच लागलं नाही. मला फोल्डरं आठवायची.

आणि मी सातवी फेल नाही. सातवी पास आहे. शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि वाटेत नदी होती. हे सरांना मी स्वतः सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलापुढं उभी राहिले. सगळे बघत होते.

"सर, माझं नाव काढा."

"अगं, गंमत होती ती. एवढं काय? वाक्य काढून टाकतो."

"नाव काढा."

"नाव कसं काढू? सगळा प्रोग्रॅम त्याला त्याच नावानं हाक मारतो. दिवसभराचं काम आहे ते."

"मग दिवस घालवा."

ते हळू आवाजात म्हणाले, "तुला इथं कोणी बसवलं, विसरलीस का?"

"नाही विसरले. म्हणून अजून सर म्हणते."

त्यांनी वाक्य काढलं. नाव तसंच आहे. आता मी आले की खोलीतलं बोलणं थांबतं. माझ्या मशीनवर एक नवीन मुलगी शिकायला बसवलीये. कशासाठी, ते मला कळतं. वहिनींचा फोन आला, "केलेलं असं फेडतात का गं?" आईला काही सांगितलेलं नाही. दुसरीकडं काम विचारलं तर आधी शिक्षण विचारतात. हरप्रीतलाही आता माझ्याशी बोलायची भीती वाटते. मी तिला दोष देत नाही.

ते नाव काढतील असं मला वाटत नाही. मला काढतील. बाई काढायला दिवस लागत नाही. मी गेल्यावरही दिवसभर कुणीतरी माझं नाव चालवेल, ते निमूट फोल्डरा-फोल्डरांत हिंडेल, आणि सापडलं नाही की लोकांना ते जुनं वाक्य आठवेल.

म्हणून मी माझं नाव इथं लिहीत नाही. ते मी कुणाला दिलेलं नाही. रोज सकाळी सगळ्यांसमोर मी सरांना एकच विचारते, "नाव काढलं का?" उद्याही विचारीन. कामावरून काढलं तर दारात उभी राहून विचारीन. जोवर माझं नाव तिथं राबतंय, तोवर मी तिथं जाणार.