ट्रान्सफॉर्मरचं कव्हर

"गरम होतंय का?" आमच्या सुरतेच्या उधन्यातला हा दुकानदार पुढेपुढे गिऱ्हाइकाला नमस्काराऐवजी हेच विचारायचा. असा घाबरट विक्रेता तुम्ही पाहिला नसेल. स्वतःचाच माल विकताना त्याला घाम फुटायचा.

मूळचा तो नंदुरबारकडचा. नव्वदच्या दशकात जपानी व्हिडिओ गेम विकायचा, आणि बाजार सगळा चिनी नकलांनी भरलेला. चिनी मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटात लागे, एका कॅसेटमध्ये ढीगभर गेम. जपानीत एका कॅसेटला एकच गेम, शिवाय आपल्या विजेवर ते जळायचं, म्हणून सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. "आमां एक ज गेम? अने आ पथरो?" म्हणत, म्हणजे यात एकच गेम आणि वर हा धोंडा, असं विचारत गिऱ्हाईक हसून निघून जाई.

"चायनावालं ठेव ना बाबा," मी म्हणायचो. शेजारीच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं.

"दिवाळीला घेतलं की होळीला बंद पडतं ते. लोकांना फसवू का, भाऊ?"

अखेर एक मशीन खपलं. घेणारी आमच्याच गल्लीतली, घरी साड्यांना टिकल्या लावणारी बाई. तो स्वतः जाऊन मशीन जोडून आला, ट्रान्सफॉर्मरजवळ साड्या ठेवू नका म्हणून बजावून आला. तिनं ऐकलंही.

पण सुरतेत घरी नवी वस्तू आली की तिला साडीच्या कटपीसचं कव्हर शिवायचंच. टीव्हीला, मिक्सरला, टेलिफोनलासुद्धा. एका दुपारी ती साड्यांचं गाठोडं घेऊन दुकानाशी थांबली आणि कौतुकानं म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या जड खोक्यालाबी झालरीचं कव्हर शिवलं."

"मशीन चालू आहे?"

"पोरगी खेळतेय ना. कुलूप लावून आले."

तो पळाला. मागे मी, माझ्यामागे गाठोडं टाकून ती. किल्ली तिच्याकडेच आहे, हे आम्हाला खिडकीशी पोचल्यावर कळलं. आत धूर. कव्हर वितळून चटईवर ठिबकत होतं, आणि ती चिमुरडी ते ओढून काढायला हात पुढे करत होती. मी ओरडायला तोंड उघडलं. तो मात्र गज धरून, आवाज जराही न चढवता म्हणाला, "माय, हात नको लाऊ. मन्हाकडे देख. मन्हाकडे ये."

ती आली. मी ओट्यावरच्या मीटरचा फ्यूज उपसला. तिची आई येऊन कुलूप उघडेपर्यंत त्यानं गजांतून तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

जळाली ती चटईच. पण आजही वितळत्या नायलॉनचा वास आला की मी आधी मीटरकडे धावतो.

त्यानंतर त्यानं जपानी मशीन विकलं नाही. दुकान चिनी मालानं भरलं, धंदाही बरा चालला. पुढे सगळं आवरून तो गावी गेला, पुन्हा दिसला नाही. मला आठवतो तो जाण्याआधीचा एक दिवस. बंद पडलेलं चिनी मशीन घेऊन एक पोरगा दारात भोकाड पसरून रडत होता. मी त्याला गप्प करायला उठलो, तर यानं माझा हात धरला.

"रडू द्या, भाऊ," तो म्हणाला. "रडतंय म्हणजे पोर धड आहे."