पाच पिढ्यांचं रान आणि माझी नात

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या वर्षी बापानं औतामागं उभं केलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ऊस, ज्वारी, हळद, सगळं करून झालंय. त्यामुळं या लिहिण्यात चूक निघालीच तर ती शुद्धलेखनाची निघेल, शेतीची निघायची नाही.

मुलगा इंजिनीअर झाला आणि अमेरिकेत शुगर लँड नावाच्या गावी तेलाच्या कंपनीत लागला. नाव ऐकून मी खूश झालो होतो. येऊन बघतो तर उसाचं एक कांडं नाही, नुसते रस्ते, आणि उकाडा असा की म्हैस डबक्यातनं उठायची नाही. लग्नही त्यानं इथल्याच गोऱ्या मुलीशी जमवलं. फोन आल्यावर बायकोनं जेवण टाकलं. मी मुलाला एकच विचारलं, "पोरीचा बाप काय करतो?"

"शेती."

"किती?"

"आबा, आपल्या अख्ख्या शिवाराची मिळून नसेल एवढी."

मी बायकोला म्हटलं, ऊठ, जेव. पोरगी शेतकऱ्याची आहे.

हे व्याही आयोवात राहतात. बायको गेल्यापासून मी मुलाकडंच असतो, आणि दरवर्षी उन्हाळा लागला की मुलगा मला गाडीनं तिकडं नेऊन सोडतो. त्या मुलखात जमीन आपल्या कृष्णाकाठासारखी काळी, पण नजर जाईल तिथपर्यंत सपाट. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. व्याह्यांना मी 'पाव्हणं' म्हणतो, आमच्याकडं म्हणतात तसं. त्यांचा समज असा की ते मी ठेवलेलं लाडाचं नाव आहे. आता त्यांच्या गावात कॉफी प्यायला जमणारे म्हातारेही त्यांना 'पाव्नं, पाव्नं' करतात. मी कशाला दुरुस्त करू? हाक मारली की माणूस वळून बघतो, झालं काम.

आम्हा दोघांची मिळून एक नात. ती शेतीच्या कॉलेजात शिकली आणि पास झाल्यापासून आजोबांच्या रानावरच राहते. माझा मुलगा कपाळाला हात लावतो. "मी शेतीतून सुटायला एवढा शिकलो, आणि ही एवढी शिकून परत तिथंच!" मी म्हणतो, "तू चुकलास, तिनं दुरुस्त केलं."

यंदा गेलो तेव्हा घरात ताण होता. पाव्हण्यांचे गुडघे पार गेलेले. मुली दोन; एक माझी सून, दुसरी शहरात दातांची डॉक्टर. शेजारचा एक मोठा शेतकरी सगळं रान खंडानं मागत होता आणि मंगळवारी उत्तर घ्यायला येणार होता. इकडं नात म्हणत होती, रान मी करणार. तिनं सरळ विचारलं होतं, हो की नाही? पाव्हणं नुसतं 'बघू' म्हणायचे. शेतकऱ्याचं 'बघू' जगात कुठंही गेलं तरी सारखंच असतं. त्यात हो पण नसतं आणि नाही पण नसतं, आणि ऐकणाऱ्याची झोप जाते.

तिच्या कामात खोट नव्हती. भल्या मोठ्या पेरणी यंत्राच्या पोटात शिरून ती साखळी बदलते, हे मी बघितलंय. अडचण आडनावाची होती. पाच पिढ्या ते रान एका आडनावाखाली. घराकडं वळताना सडकेला पाटी आहे, तिच्यावर तेच आडनाव. आणि नात लावते माझं.

मग मी काय करावं? गप्प बसावं. पण मी पहिल्याच रात्री जेवणात बोललो, "द्या की पोरीला. पाटी बदलायची, त्यात काय एवढं? आमचं आडनाव लहान आहे, रंगपण कमी लागंल."

आमच्या दोघांमध्ये दुभाषी नातच. तिनं भाषांतरच केलं नाही. "आबा, प्लीज. यू आर नॉट हेल्पिंग."

पण मी खिडकीतनं पाटीकडं बोट केलं होतं आणि हवेत आमचं आडनाव लिहून दाखवलं होतं. पाव्हण्यांना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी काटा ताटात ठेवला. "ती पाटी माझ्या आजोबांनी लावलीय," म्हणाले आणि उठून ओसरीत जाऊन बसले. विहीणबाई माझ्या ताटात आणखी बटाटे वाढत राहिल्या. वाढून वाढून माणूस गप्प करायची रीत तिकडंही आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, मे महिन्याचा शेवटचा. त्या दिवशी तिकडचे लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात. मक्याच्या रानांमध्ये एक छोटी दफनभूमी आहे, भोवती लोखंडी कुंपण, कोपऱ्यात देवदारासारखी झाडं. मी पहिल्यांदा गेलो त्या वर्षी चपला फाटकाबाहेर काढल्या आणि गवतातल्या काट्यांवरनं नाचत आत गेलो. परत येताना सगळे तडक चर्चच्या तळघरात जेवायला निघाले. मी हटून बसलो. मसणवट्यातनं येऊन आंघोळीवाचून अन्नाला शिवायचं? माझ्यानं व्हायचं नाही. शेवटी विहीणबाईंनी गोठ्यामागं बागेची नळी धरली, मी लेंग्यावर उभा, आणि त्यांची बहीण गाडीत बसून तोंडात रुमाल कोंबून हसतेय. तेव्हापासून त्या घरात एक म्हण पडलीय. कुणी कपडे भिजवून आला की म्हणतात, आबा झाला.

यंदा आम्ही तिघंच गेलो, नात, पाव्हणं आणि मी. विहीणबाई जेवणाच्या तयारीला थांबल्या होत्या. त्यांनी अंगणातली मोठी गुलाबी फुलं पहाटेच तोडून दिली होती, एकेकात मुंग्यांची वस्ती. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पाणी, डब्यात फुलं, आणि एकेका दगडापाशी एकेक डबा. पाव्हणं माझ्याशी कालपासून बोलले नव्हते. पण दगडापाशी आले की त्यांना गप्प राहवत नाही.

पहिला दगड जर्मनीहून आलेल्या मूळ पुरुषाचा. अक्षरं झिजून गेलीत. "हा आला तेव्हा इथं माणसाच्या कमरेएवढं पाणी होतं, बेडूक होते. भाऊ म्हणाले, पुढं चल. हा म्हणाला, मी थकलो." नातीनं मला तिच्या मराठीत सांगितलं, "आबा, ही वॉज टायर्ड, म्हणून आपण इथे आहोत." त्याच्या शेजारी त्याची बायको. तिनं म्हणे गाय विकू दिली नाही, म्हणून पहिला हिवाळा निघाला. पुढचा दगड मुलाचा. त्यानं जन्मभर मातीखाली भाजक्या नळ्या पुरल्या आणि पाणी ओढ्याला काढून दिलं. त्याला विनोद कळायचा नाही, असं पाव्हणं दरवर्षी सांगतात. मग त्यांचे आजोबा, पाटीवाले. घोडे विकून ट्रॅक्टर आणला त्या दिवशी जेवले नाहीत, आणि पुढं तोच ट्रॅक्टर विकतानाही जेवले नाहीत. मग वडील. तिथं पाव्हणं नुसती दगडावरची चिमणीची घाण नखानं काढतात.

आणि वडिलांच्या शेजारी मोकळं गवत. ते पाव्हण्यांचं.

तिथं उभं राहून ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाच. बापाकडून मुलाकडं. एकदाही चुकलं नाही." हे मला होतं, कालच्या रंगाबद्दलचं.

मला चेव चढला. मी म्हणालो, "पोरी, त्यांना सांग, आमच्याकडं दगड नसतात. आमच्याकडं हेळवी असतो."

हेळवी म्हणजे पिढ्या सांगणारा. सुगी झाली की तो बैलावर बसून दारात यायचा. बैल सजवलेला, गळ्यात घंटा. खाली उतरायचा नाही. तिथनंच आमच्या मूळ पुरुषापासून सुरुवात करायचा, कोण कुठनं आला, त्याची बायको कुठल्या गावची, पोरं किती, कोण देशांतराला गेला. एका दमात माझ्या नावापर्यंत. मग आई सुपानं जोंधळा घालायची. मी तसंच सुरू केलं. हाताची बोटं मोडत, त्याच्याच सुरात, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं. शेजारच्या थडग्यापाशी फुलं ठेवणारं एक कुटुंब हातातलं काम सोडून बघत राहिलं. मी माझ्यापर्यंत आलो, छाती काढली आणि सांगितलं, "सात! बापाकडून मुलाकडं!"

नात भाषांतर करायची थांबली. मराठीत म्हणाली, "आबा, तुम्ही एक स्किप केला."

"कोण?"

"घरजावई. तुम्हीच सांगायचे मला, लहानपणी. मी हसायचे ना?"

कार्टीच्या सगळं ध्यानात. आमच्या मधल्या पिढीत एका माणसाला मुलगा नव्हता, मुलगी होती. दुष्काळी पट्ट्यातनं एक गडी आला, तिच्याशी लग्न करून सासऱ्याच्या घरी राहिला. आमचं आडनाव त्या गड्याचं. रान मुलीचं. हेळवी हे सगळं सांगायचा, आणि माझा बाप त्याला सुपाबरोबर आणखी एक पायली द्यायचा, तेवढी ओळ हळू म्हणावी म्हणून. आम्ही पोरं त्याच ओळीची वाट बघत कोपऱ्यात दबा धरून बसायचो.

"ते काही मोजायचं नसतं," मी म्हणालो.

"का?" नात म्हणाली. तिनं हातातला डबा खाली ठेवला. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "आबा, ती मुलगी मी आहे. तिला मोजत नाही, तर मग मला कोण मोजणार?"

ती पाव्हण्यांकडं वळली आणि इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. पायलीसकट. पाव्हणं ऐकत होते. आधी भुवया वर गेल्या, मग मिशा हलायला लागल्या. मला वाटलं आता हसतील, पण त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो अगदी शेतकऱ्याचा प्रश्न होता. "मग रानाचं काय झालं?"

"काय व्हायचंय? पीक आलं."

"लोक काय म्हणाले?"

"हसले. बायकोच्या जिवावर जगतो म्हणाले. मग एका साली सगळ्यांची ज्वारी किडीनं खाल्ली आणि याची तरली, तेव्हा बी मागायला त्याच्याच दारात आले."

"आणि रानाला नाव कुणाचं पडलं?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण विचारलं की खरं सांगायचं, ही माझी खोड. म्हणालो, "सासऱ्याचं. अजून त्याच्याच नावानं ओळखतात. एवढ्या पिढ्या आम्ही कसतोय, पण कुणी आमचं रान म्हणत नाही, त्याचीच पट्टी म्हणतात."

नातीनं हे सांगताना माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं, मी काय करून बसलो. पाव्हणं दगडाला टेकले आणि असे हसले की पाखरं उडाली. माझ्या पाठीत एक थाप घातली आणि काहीतरी म्हणाले. मला त्यांचं इंग्रजी एरवी समजत नाही, पण ते समजलं. पाटी राहणार!

"लुच्चा म्हातारा," मी मराठीत म्हणालो.

"पाव्नं," ते म्हणाले आणि छातीवर हात ठेवून वाकले.

मग हसणं आवरून ते नातीकडं वळले. तिच्या बुटांकडं बघितलं. तिचे बूट आणि त्यांचे बूट एकाच दुकानातले, एकाच चिखलातले. म्हणाले, "उद्या तो शेजारी आला की तूच बोल त्याच्याशी. रान तुझं आहे. मला विचारलं तर सांगेन, मी इथं राहतो फक्त."

मला वाटलं पोरगी रडंल, गळ्यात पडंल, टीव्हीत दाखवतात तसं. तिनं नाक पुसलं, कुंपणापाशी गेली, पलीकडच्या रानातली मूठभर माती उचलली. ते रान त्यांचंच. आठवड्यापूर्वीच्या पावसात त्यातला खोलगट तुकडा बुडून मका कुजला होता आणि दुबार पेरायचा राहिला होता. तिनं मूठ आवळली, उघडली, ढेकूळ बोटानं दाबलं. ते सुटं झालं.

"वाफसा आलाय, पेरता येईल," मी म्हणालो.

पाव्हणंही त्याच वेळी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. तिनं दोघांचं भाषांतर केलं नाही, गरजच नव्हती. "ग्रँपा, संध्याकाळी पाऊस आहे. मी जाते," म्हणाली, आणि गेली. आम्ही आलो तो पाव्हण्यांचा छोटा ट्रकच घेऊन गेली.

आम्ही दोघं फाटकात उभे. उरलेले फुलांचे डबे हातात. घर तिथनं चांगलं मैलभर, त्यांना गुडघे नाहीत, मला कंबर नाही.

"ट्रक," पाव्हणं म्हणाले.

"हर ट्रक," मी म्हणालो. माझं इंग्रजी वेळेला बरोबर येतं.

कुंपणाच्या कठड्यावर बसून आम्ही वाट बघितली. थोड्या वेळानं लांब धूळ दिसली, मग ट्रॅक्टर, मागं पेरणी यंत्र. तिनं खोलगट तुकड्याच्या कडेला यंत्र टेकवलं आणि पेरत निघाली. पाव्हणं उठून उभे राहिले. हात वर करून ओरडले. तिला ऐकू जायचं कारणच नव्हतं. मला खुणेनं सांगितलं, फार जोरात चालवतेय.

मी म्हटलं, "बसा पाव्हणं. आता 'बघू' म्हणायची पाळी तिची."

त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण ते बसले.