न वळलेले घोडेस्वार

आम्ही दोघं जो खेळ खेळतो त्यात घोडेस्वारांचं धैर्य खचलं की त्यांच्या डोक्यावर पांढरं निशाण येतं. मग ते नकाशाच्या कडेपर्यंत पळतात आणि दिसेनासे होतात.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझी मुलगी. ती नाशिक रोडला आईजवळ राहते, कॉलेजात आहे. मी गंगापूर रोडला एकटा. एकाच शहरात असून रविवारी दुपारी भेटतो ते कानाला हेडफोन लावून, कॉम्प्युटरवरच्या या लढायांमध्ये.

खेळ रथांपासून सुरू होतो. मग रथ जाऊन माणूस घोड्याच्या पाठीवर बसतो. रिकीब आली की पाय रोवता येतात, भाल्याला जोर येतो. पुढे चिलखतं, बंदुका, आणि शेवटी घोडदळाच्या चित्रावर टिचकी मारली की त्याचा रणगाडा होतो. घोड्यांचं काय झालं, हे खेळ विचारत नाही. वैरण नाही, पाणी नाही, नाल ठोकणं नाही.

मला खटकायचं ते वेगळंच. आपल्या घोडदळाची खरी ताकद माघारीत होती. पळाल्यासारखं करायचं, शत्रूला रांग मोडून मागे ओढायचं आणि एकदम घोडी वळवून तुटून पडायचं. या खेळात पळणं म्हणजे नुसतं पळणं. ही हूल मी तिला ती तिसरीत असताना शिकवली होती, स्वयंपाकघराच्या फरशीवर चिंचोक्यांचे घोडे मांडून. चिंचोके वळले की ती टाळ्या वाजवायची.

त्याच वर्षी मी घर सोडलं. तिला सांगितलं, कंपनी ट्रेनिंगला लांब पाठवतेय. ओझरच्या कारखान्यातली नोकरी, तिला पटलं. खरं तर मी गंगापूर रोडला खोली घेतली होती. दुसरी कुणी नव्हती. असती तर सांगायला सोपं गेलं असतं. रोजची कुरबुर नकोशी झाली होती, एवढंच. पुढे रीतसर वेगळे झालो, मुलगी भेटायला येऊ लागली, पण त्या ट्रेनिंगचा विषय कुणीच काढला नाही.

मागच्या महिन्यात एका लढाईत ती मधून चालून गेली. डावी बाजू मी धरायची होती. माझे स्वार डळमळायला लागले आणि त्यांना वाचवायला म्हणून मी मागे घेतले. ती घेरली गेली. एरवी म्हणाली असती, म्हातारा झालास बाबा, आता पत्ते खेळ. त्या दिवशी तिने वेगळंच विचारलं.

"वळणार होतास ना?"

या खेळात वळत नाहीत, असं काहीतरी मी बोललो. आणि मग इतकी वर्षं न सांगितलेलं बाहेर आलं.

"तेव्हा ट्रेनिंग नव्हतं गं. मी निघून गेलो होतो."

"माहितीये. इथेच, द्वारका चौकात कंपनीच्या बसमधून उतरताना बघितलं होतं तुला. हातात डबा होता." मग म्हणाली, "मला वाटलं, चिंचोक्यांसारखं असेल. वळशील."

तिला कळलं नाही, हे मी माझं नशीब समजत होतो. तिला कळलं होतं, आणि ती वाट बघत बसली होती.

जेवून घे, एवढं म्हणून तिने खेळ बंद केला.

पुढच्या रविवारी ती खेळायला आली नाही. माझे स्वार पडद्यावर उभे, घोडी नुसती शेपट्या हलवतायत. मी तसाच बस धरून नाशिक रोडला गेलो आणि खालून फोन केला. ती घरातल्याच कपड्यांवर खाली आली.

"वर नको. आई झोपलीय."

कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, आलो बघ. तिने ग्लास खाली ठेवला.

"इतक्या उशिरा नसतात रे वळत, बाबा."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. निघताना मी विचारलं, रविवारी? बघू, म्हणाली. बसमध्ये खिडकीशी बसून मागे पाहिलं, तेव्हा ती फाटकाच्या आत गेलेली होती.