डिंडोलीच्या ताईंचा फुटपाथ

"चाल भाऊ, चालता चालता बोलूत."

तक्रार घेऊन कुणी दारात आलं की ताई बसायला सांगायच्याच नाहीत. चपला पायात सरकवायच्या आणि निघायच्या. नगरसेविकेच्या घरी निदान चहा तरी मिळेल, या आशेने गेलेले आम्ही घामाघूम होऊन परतायचो.

ताई आमच्याच खानदेशातल्या, आमच्यासारख्याच पोटासाठी या परराज्यातल्या शहरात आलेल्या; नवरा कापडाच्या लूमवर कामाला. निवडून आल्यावरही त्यांना गाडीत बसलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा डिंडोलीत एकेक लूम बंद पडत होता, लोक बिऱ्हाडं हलवत होते. ताईंचं म्हणणं साधं होतं. जिथे बायांना, म्हाताऱ्यांना निर्धास्त चालता येतं, तिथे माणूस टिकतो.

फुटपाथची जागा बघायला इंजिनिअरसाहेब गाडीतून आले. ताईंनी त्यांना खाली उतरवलं, आपल्या सासूबाईंचा हात त्यांच्या हातात दिला आणि गुजरातीत म्हणाल्या, "साहेब, आजे गाडी नहीं, पग चलावो." शाळेपासून रेशनच्या दुकानापर्यंत जायला साहेबांना पाऊण तास लागला. वाटेत म्हातारीने त्यांचं लग्न झालंय का, तेही विचारून घेतलं.

फुटपाथ झाला. संध्याकाळी बाया फिरायला निघू लागल्या, बंद शटरं पुन्हा उघडली. माझी बायको इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "इथंच राहू या."

ताई मात्र भेटल्या की मला एकच विचारायच्या, "यादीमा नाव टाकं का भाऊ?"

माझं नाव गावच्या मतदारयादीत होतं. आमच्या गल्लीत बहुतेकांचं तसंच. तुम्हीही परगावी राहत असाल तर तुम्हाला कळेल; गावच्या यादीतलं नाव काढलं की गावच सुटलं, असं वाटतं. चुलतभाऊ सरपंचपदाला उभा राहिला तेव्हा मी रजा काढून मत द्यायला गेलो. परत आल्यावर ताई हसल्या. "तू चालस आठे, मत देस तठे! काय म्हनू तुले?"

पुढच्या निवडणुकीत गाड्या लावायला जागा हवी म्हणून दुकानदार त्यांच्या विरोधात गेले. ताई थोडक्यात पडल्या. आमच्या एका गल्लीची मतं पुरली असती.

मी त्यांच्या घरी गेलो. "चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच बसायला सांगितलं. चहा केला.

फुटपाथ उखडला गेला, त्या जागी गाड्या लागल्या. ताई रस्त्याच्या कडेने, हॉर्न ऐकत, चालत राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात आठवडाभराच्या तापाने त्या गेल्या. मी ऑफिसातून स्कूटर दामटत पोहोचलो. सगळी डिंडोली लोटली होती, पण चालायला जागा कुठे होती? एकीकडे बस, दुसरीकडे उभ्या गाड्यांची रांग. वळणावर तिरडी अडली.

"ही स्कूटर कोणाची?" पुढून कुणीतरी ओरडलं.

माझ्या खांद्यावरची तिरडी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन मी खिशात किल्ली शोधू लागलो.